अकरावं मिनिट

कुताइसीच्या कॉलेजात यंदापासून
दर सोमवारी मला एक आलेख मिळतो:
कोणी व्हिडिओ किती पाहिला, कुठे सोडला,
कोण हिरवं, कोण लाल.

उष्मागतिकी, पाठ सहावा.
अकराव्या मिनिटाला रेघ कड्यावरून पडावी तशी पडते.
चाळिसांतले एकतीस तिथेच उठून गेलेले,
खुर्ची न सरकवता, दार न वाजवता.
तोर्निके दुप्पट वेगात आला, दुप्पट वेगात गेला,
त्याचा ठिपका मात्र हिरवागार.

आणि नुत्सा.
रात्री सव्वादोन, बेकरीतली पाळी संपल्यावर
तेच एक मिनिट चौदा वेळा.
चाचणीत वीसपैकी सात.
शेरा: सहभाग उत्तम.

मी खोलीचं दार लावलं,
मग स्वतःलाच लावलं.
पडद्यावर एक बाई, माझाच राखाडी स्वेटर घालून,
फळ्याकडे तोंड करून म्हणते,
'हे तर उघडच आहे,'
आणि दोन पायऱ्या गाळून
थेट तिसरीवर उभी.

समोर वर्ग असता तर कुणाची तरी भुवई
मला खाली उतरवून घेऊन आली असती.
कॅमेऱ्याला भुवई नसते.

आज नुत्साला बोलावलं. नखांत पीठ.
म्हणाली, 'मला वाटायचं माझंच नेट अडकतंय,
मधलं काहीतरी निसटतंय म्हणून
परत परत मागे जायचे.'

खडू सापडायला वेळ लागला.
पहिली पायरी लिहिली. दुसरी अर्धी झाली
तेवढ्यात ती म्हणाली, 'थांबा.'

थांबले.