शिंगाडा, भाकर, पाट, शंकरपाळी

मच्छीमार सोसायटीच्या गोदामात
जाळ्यांचा वास कधीच पुरता वाळत नाही.
दर बुधवारी तिथं आम्ही चार बाजूंना बसतो,
तोंडं एकमेकांकडे, पाठी गावाकडे.
मध्ये रिकामं.
पहिल्या दिवशी मी तिथं बॅटरी ठेवली उजेडासाठी,
उरकुडाबाबांनी उचलून माझ्याच हातात दिली.
"तेथी काही ठेवू नोको. ते जागा लागते."
कशाला, ते सांगितलं नाही.

युरियाच्या पोत्यांवर, उलट्या बाजूनं,
कोळशानं काढलेले चार आकार:
त्रिकोण तो शिंगाडा, आपल्या तलावातला,
चौकोन म्हणजे पाट,
कलता चौकोन शंकरपाळी,
आणि गोल ती बांगडी.
बांगडीला दुर्पता कासारीण अडली.
"दिवसभर लोकायचे मनगटच दाबतो मी,
रात्री तरी दुसरं काही म्हणा, बाबा."
तेव्हापासून गोल म्हणजे भाकर.

बाबांना अक्षर येत नाही.
लहानपणी पाय मोडून मिशनच्या दवाखान्यात
तीन महिने पडले होते,
तिथल्या कंपाउंडरनं औषधाच्या पुड्यांवर
हे आकार काढून दिले,
एकेकाला एकेक सूर चिकटवून.
पाय वाकडाच जुळला.

आधी आकार गायचे, मग शब्द.
आणि आकाराचंही पहिलंच अक्षर:
शिं, भा, पा, शं.
कौतिका अजून शिं आणि शं मध्ये घोटाळते,
घोटाळली की पदर तोंडाला लावते,
पण सूर सोडत नाही, हसता हसता धरून ठेवते
निसटत्या मासोळीसारखा.

मला पाचवीत गुरुजींनी सांगितलं होतं,
संमेलनात तू नुसते ओठ हलव.
तेव्हापासून हलवत आलो,
आरतीला, राष्ट्रगीताला,
पोरीच्या वाढदिवसालासुद्धा.
इथं मला खालच्या पट्टीत बसवलं,
तानबा ढिवराला खेटून.
तो श्वास घेतो तेव्हा
त्याच्या बरगड्या माझ्या कोपराला लागतात.
पहिले दोन महिने
मी तेवढ्यावरूनच गायलो.

एकदा सरपंचाच्या पोरानं दारातून मोबाइलवर टिपलं.
गोळा होऊन ऐकलं सगळ्यांनी:
बोअरवेलवरचं भांडण वाटत होतं.
बाबांना काहीच वाटलं नाही.
"आयकासाठी नाही व्हय हे," म्हणाले,
"गावासाठी व्हय."
मला वाटलं, गावासाठी म्हणजे या गावासाठी.
घरी जाताना, बांधावर, उलगडलं:
त्यांच्या बोलीत ते गाण्यासाठी होतं.
की दोन्ही? विचारलं नाही मी.

मागच्या बुधवारी मध्ये उभं राहायची पाळी माझी.
तारेवरची फेज बंद आहे का
हे दोनदा तपासणारा माणूस मी,
हात वर नेला, आणि खाली आणताना
काही तपासलं नाही.
समोरून बायांचा शिंगाडा आला, उंच, टोकदार,
डावीकडून पोरांचे पाट,
उजवीकडून दुर्पताची भाकर, जाड, काठाला जळकी,
आणि मागून, पाठीच्या कण्यात,
तानबा.
कुणी माझ्यासाठी गात नव्हतं.
सगळं माझ्यातून जात होतं मात्र.
हात थांबला.
"चालू ठेव ना बे!" बाबा ओरडले,
तसा परत हलवला.

रात्री अकराला चिचटोल्याची लाइन गेली.
डीपीखाली उभा राहून फ्यूज बदलला,
पलीकडे घरं उजळली, कुत्री भुंकली.
ट्रान्सफॉर्मर गुणगुणायला लागला,
अकरा वर्षं गुणगुणतोय तो,
मी त्याला नुसता लोड समजत होतो.
शं.
शंकरपाळी, थोडी उतरलेली.
पकड खिशात घातली,
आजूबाजूला पाहिलं,
आणि त्याच्या खाली हळूच
पाट मांडला.