उघाडी

पोयनाडच्या बाजारात मुनाफचं दुकान.
तो म्हणाला, वहिनी, वर्षाचे नऊशे,
घरच्या कॉम्प्युटरलाही अँटीव्हायरस लागतोच.
निकेत पनवेलहून फोनवर म्हणाला, मामी,
विंडोजमध्ये आहे तेवढं पुरे,
फक्त अपडेट आलं की 'नंतर' दाबू नकोस.
मी सतरा वेळा 'नंतर' दाबलं होतं.
हे दोघांनाही सांगितलं नाही.

आणि माझ्याकडे चोरण्यासारखं काय?
बचत गटाचा हिशेब: सुकट अकरा किलो, जवळा साडेसात,
पदीबाईकडून दोनशे येणे, गेल्या शिमग्यापासूनचे.
मुलीचा दहावीचा दाखला, स्कॅन करताना तिरका आलेला.
आणि एका फाईलमध्ये बँकेचा पासवर्ड.
फाईलचं नाव 'पासवर्ड'.

आमच्या शेताला बाहेरून खारबांध आहे.
पलीकडे धरमतरची खाडी, अलीकडे भात,
बांधाच्या पोटात उघाडी:
लाकडी झडप, वरून टांगलेली.
ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून निघून जातं,
कुणाला विचारत नाही.
भरती येते आणि तिच्याच जोराने झडप मिटते.
खाडी आपल्या हाताने दार लावून घेते
आपल्याच तोंडावर.
मी निकेतला विचारलं, फायरवॉल म्हणजे हेच ना?
तो जरा वेळ गप्प.
मग म्हणाला, मामी, आम्हाला हे अख्खं सेमिस्टर शिकवलं.

बांध बघतात धायाकाका.
पगार नाही, नेमणूक नाही,
उधाणाच्या रात्री बॅटरी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत.
चाळीस वर्षांत फुटला नाही, मग कशाला फिरता?
"पानी आयला त समद्यांना दिसतं.
नाय आयला, त्याचा हिशेब कोन ठेवतं?"
एवढं बोलून ते वाकले,
बोटाएवढ्या बिळात चिखल कोंबला, टाचेनं दाबला.
लाटेनं बांध जात नाही म्हणतात.
खेकडा पोखरतो, कुणाला पत्ता नसतो,
मग एका उधाणात त्याची खांड होते
आणि पुढची तीन वर्षं जमीन मिठाची.

आमचा खेकडा मीच घरी आणला.
निळा पेनड्राइव्ह, टोपण हरवलेला,
ग्रामपंचायतीतून फोटोवाल्याकडे,
तिथून पदीबाईच्या जावयाकडे,
तिथून माझ्या पर्समध्ये,
हळदीचा व्हिडिओ बघायला.
उघाडी नीट बंद होती. तिच्या वाटेनं तो आलाच नाही.
सकाळी प्रत्येक फोल्डरला वाकडा बाण.
सुकट उघडेना, जवळा उघडेना,
पदीबाईचे दोनशेसुद्धा गेले
आणि तिला त्याचं फार वाईट वाटलं असं दिसलं नाही.

मुनाफनं वीस मिनिटांत सगळं परत आणलं.
गेलं नव्हतं, नुसतं लपलं होतं.
साधा होता म्हणून, वहिनी, असं म्हणाला,
तीनशे घेतले,
आणि 'बघा, मी बोललो होतो' हे
बोलला नाही, म्हणून जास्त लागलं.

तर, गरज आहे का?
नऊशे मी अजून दिलेले नाहीत.
अपडेट केलं, अडीच तास लागले, मध्ये एकदा लाईट गेली.
हिशेबाची एक प्रत मुलीच्या मोबाईलवर ठेवली.
पासवर्ड आता तांदळाच्या डब्याच्या झाकणाला
आतून चिकटवलाय, आणि तो बँकेला चालेल का, माहीत नाही.
कुणी पेनड्राइव्ह पुढे केला की
सोयरीक जुळवताना विचारतात तसं विचारते,
कुठला, कुणाकडून आला, मध्ये कुठं राहिला.

परवा अमावास्येला मीही गेले बांधावर.
अंधारात झडप मिटल्याचा आवाज आला, थप्.
बॅटरी खाली धरली तर कडेनं
पाण्याची बारीक धार आत येतच होती.
काका, हे?
"तेवढा येतंच," धायाकाका बोलले,
आणि विडी पेटवायला पाठ वाऱ्याकडे केली.
"पार बंद केला त
जिताडा कुठून येल?"