तळटीप

निबंध छापून आला. डॉक्टर सालीनास यांनी
दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून फोनवरून वाचून दाखवला,
थांबत थांबत, जणू कुणाच्या बाळाचं वजन सांगताहेत:
नवा छोटा उपचार जुन्या लांब उपचाराच्या तोडीस तोड,
क्षय हटतो, औषध झेपतं.
आम्ही टाळ्या वाजवल्या. केक होता,
त्यावर गुलाबी साखरेची दोन फुप्फुसं.

माझं लक्ष तळटिपेवर.
बारीक टाईप, चांदणीची खूण,
पाठपुराव्यातून निसटलेले: सात.

सात.
मला त्यांची घरं खडान्‌खडा माहीत आहेत.
लिमाच्या उत्तरेला, जिथे टेकडीवर गवत उगवत नाही
पण माणसं उगवतात, पत्र्यांसकट, कुत्र्यांसकट,
पाण्याच्या निळ्या पिंपांसकट.
पिवळ्या रंगवलेल्या दोनशे चाळीस पायऱ्या
मी चार वर्षं चढले.
हिवाळ्यात धुकं इतकं ओलं
की वाळत घातलेले कपडे आणखीच भिजतात,
आणि कोण घरात आहे ते खोकल्यावरून कळतं.

एक जण बटाटे काढायला वर डोंगरात गेला,
आईला मातीआड केलं आणि तिथलाच झाला.
दोघे भाऊ सीमेपलीकडे, चिलीत, तांब्याच्या खाणीवर.
एक तुरुंगात. तिथेही रांग लावली मी,
शिपायानं गोळ्या मोजल्या आणि डबी ठेवून घेतली.
बाकीच्यांचं नंतर कधीतरी.
एकशे बारा क्रमांकाचं सांगते.

एउदोसिया चोकेवांका.
वहीत नाव लिहायचं नसतं, म्हणून ते तोंडात राहिलं.
पहाटे चारला सातू-जवसाचा काढा उकळायची.
हातगाडी, काचेचे पेले, वाफ.
गोळ्या सुरू झाल्या तशी लघवी नारिंगी झाली, मग घाम,
मग एकदा डोळे पुसले तर रुमालही.
म्हणाली, बघ नेलिदा,
माझं रडणंसुद्धा रंगीत झालं.

मी रोज जायची. नियमच तसा,
गोळी गिळताना स्वतःच्या डोळ्यांनी बघायची.
तोंडाला मास्क, अंगात निळं जाकीट,
पाठीवर प्रकल्पाचं नाव हातभर अक्षरांत.
आठवड्याभरात अख्ख्या गल्लीला वाचता आलं.
पेले राहू लागले उपडे, कोरडे.
त्यातच बसचा संप. उरलेल्या सगळ्या गोळ्या
मी तिच्या हवाली केल्या, नियमाबाहेर,
कुणाला सांगितलं नाही.
संप मिटल्यावर गेले तर दाराला दोरी,
आतून कुत्रंही भुंकलं नाही.

अर्जात कारणाचा रकाना असतो.
मी लिहिलं, स्थलांतर.
जाकीट असं लिहायला
तिथे चौकोन नव्हता.

परवा टेकडीच्या पलीकडच्या बसथांब्यावर
वाफेमागे ओळखीचा खांदा.
आधी पाठ दिसली. मग ती वळली.
मी साध्या कपड्यांत होते, सुट्टी होती माझी.
एक पेला मागितला. तिनं लिंबू पिळलं,
आधी दोन ड्रायव्हरांना दिलं, मग मला,
ओळख न देता.
अंग भरलं होतं. गालफडं बुजली होती.
मी तिच्या श्वासाचा कानोसा घेत राहिले,
मेली सवय.
सुटे पैसे हातावर टेकवताना,
दुसरीकडे बघत, ती म्हणाली:
"होत्या तेवढ्या सगळ्या घेतल्या.
शेवटची, ईस्टरच्या आदल्या शनिवारी."

म्हणजे पाठ मिळाली,
पुरावा नाही.
निबंधात ती अशीच राहणार, चांदणीखाली.
माझ्या पिशवीत थुंकीची रिकामी डबी होती,
सुट्टीच्या दिवशीही असते.
बाहेर काढली असती तर
रांगेतल्या पाचही जणांना वाचता आलं असतं.

काढा फार गरम होता, जीभ पोळली.
मी आणखी एक पेला मागितला.