दोन खाचा पुढे

दांडा होता पी वर
आणि डॅशबोर्डवर आर पेटलेला.
किल्ली फिरवली की नुसती एक टिक,
काराकोलच्या नोव्हेंबरात तेवढाच आवाज.
गिअर जागेवर होता.
कुठे आहे ते सांगणारा स्विच
भलतंच सांगत होता.

वडिलांचं मार्चपासून तसंच.
चहा हवा असतो, म्हणतात खिडकी.
आईला हाक मारायला जातात
आणि तोंडातून येतं बालिक्ची,
जिथे एकोणीस वर्षं प्रवासी नेले
याच गाडीतून.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, समजतं त्यांना सगळं.
मी विचारलं, मग तेवढा भाग बदलता नाही येत?
त्या हसल्या नाहीत.

स्विच मिळाला जुमाबेककडे,
जपानच्या भंगारातला,
वर कुणाच्या तरी अक्षरातली चिठ्ठी,
मला न वाचता येणारी.
अकराशे सोम.
"नाही चालला तर परत आण," म्हणाला,
म्हणजे परत घेणार नाही.

एर्मेक आणि त्याचे दोन मेहुणे, ढकलत
गाडी खड्ड्यावर आणून गेले.
चाकांना जर्दाळूच्या ओंडक्यांची अडण.
खाली मी, मानेवर थेंब थेंब तेल.
दहाचे दोन बोल्ट.
एक सुटला. दुसरा डोक्यात गोल झालेला,
आमच्या घराण्याला शोभेलसा.
रॉकेल, मग शिवी, मग पुन्हा रॉकेल.
चकतीचे दुमडलेले कान उलगडले,
जुना स्विच ओढून काढला.
आत तांब्यावर हिरवी बुरशी.

मग ते, जे चौदाव्या वर्षी
त्यांनीच शिकवलं होतं, माझ्या मुठीवर मूठ ठेवून:
शाफ्ट पार मागे ने, अडेपर्यंत.
आता दोन खाचा पुढे.
कट्.
कट्.
हे न्यूट्रल. इथून सगळं मोजायचं.
स्विचची रेघ खोबणीशी जुळव
आणि मगच आवळ.
केसभर चुकलीस, बेर्मेत,
तर गाडी जन्मभर खोटं बोलेल.

मी दोनदा सैल केलं. दोनदा आवळलं.

वडील मागे, बाजूला, काठीवर उभे.
किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, मग धरलं.
ब्रेक दाबून दांडा आर वर.
"लागले का दिवे?"

बराच वेळ काहीच नाही.
अंगणातल्या बर्फावर उजेड पडलेला
मला आरशात दिसत होता.
तरी थांबले.

"दूध," ते म्हणाले.
मग स्वतःवरच चिडून, काठी आपटून,
"नाही. नाही."
आणि पुन्हा, हळू, "दूध."

"बरोबर," मी म्हटलं.
दांडा एन वर घेतला.
अंगण काळं झालं.
"आणि आता?"