बदललं तेवढंच

अंबडच्या ऑफिसात, शेजारच्या प्रेसच्या धडधडीत,
टिळेसाहेब म्हणाले,
सर्व्हरचं फोल्डरच उघडून द्या ना सगळ्यांना.
दिलं.
पण सुरगाण्यात रोहिदास गावित
रेंजसाठी पाण्याच्या टाकीपाशी लॅपटॉप घेऊन बसतो
आणि ते फोल्डर दर क्लिकला विचारतं,
आहेस ना? आहेस ना?
त्याचं ‘आहे’ इथं पोचेपर्यंत
ड्रॉइंग मिटलेलं.

मग एफटीपी. चाळीस एमबीतले अडतीस गेले,
लाइन गेली, पुन्हा शून्यापासून.
तुटलं तिथून जोडता येतं म्हणे.
आमचं आलं नाही.

शेवटी आरसिंक. रात्री दोनला,
सुरगाणा झोपल्यावर,
ते दोन्हीकडची फाइल तुकड्या-तुकड्यानं ताडून बघतं
आणि बदललं तेवढंच धाडतं:
एका भोकाचा व्यास,
बाराचा साडेबारा.

सकाळी रोहिदासचा फोन, आवाज तुटक.
“मॅडम, आलं बरं का.”
मग आईच्या डोळ्याचं काहीतरी,
मग नुसती खरखर.

पुन्हा लावला. लागेना.
मागच्या सोमवारपर्यंतचं आहे माझ्याकडे:
सिव्हिल, डावा डोळा, टाके.
त्यापुढचं
तिकडेच टाकीपाशी.