विंगेतला माणूस सिनेमा बघतो

फोंड्याला शनिवारचा शेवटचा खेळ,
कुरकुरणारा पंखा नेमका माझ्या डोक्यावर.
सात नायकांचा सिनेमा.
पोस्टरवर सातही जण चालत येतायत,
मागे काहीतरी मोठं जळतंय
आणि एकानंही वळून बघितलेलं नाही.
तिथंच मला जरा शंका आली.

मी सावईवेऱ्याचा. पालखीच्या रात्री जे नाटक होतं
त्याचा प्रॉम्प्टर, सव्वीस वर्षं.
विंगेत बाकडं, मांडीवर वही, दातांत टॉर्च.
गर्दीचं नाटक काय असतं ते मला कुणी शिकवू नये.
वर्गणी देईल त्याला भूमिका;
एका वर्षी आमच्या दरबारात
राजा एक आणि सेनापती पाच.
पाचवा सगुण तारी. वाक्य एकच:
"आज्ञा, महाराज."
कुळागरात पाटाचं पाणी सोडताना
तो ते चार महिने घोकत होता,
कधी रागात, कधी भक्तीनं,
एकदा तर रडवेला होऊन.
दिग्दर्शक म्हणाला, कापून टाक.
मी पेन्सिल हरवली म्हणून सांगितलं.

तर सिनेमा.
पहिला पाऊण तास नुसती हजेरी.
एक बाँब निकामी करतो, एक कुलपं उघडतो,
एक तुरुंगातून सुटतो, एक मठातून,
एकाला मेलेली बायको आठवते
(तोच फोटो, दोनदा),
एक बाई, सगळ्यांत सरळ नेम तिचा
आणि सगळ्यांत कमी वाक्यंही तिचीच.
प्रत्येकाच्या एंट्रीला तोच ढोल.
मानपान इतका लांबला
की पंगतीत भात वाढायचाच राहिला.
खलनायकाला नक्की काय हवं होतं
हे मला अजून कळलेलं नाही.
त्यालाही कुणी सांगितलं नसावं;
काचेच्या इमारतीत बिचारा एकटाच हसत होता.

पण मध्यंतरानंतर फेरीबोट आली.
आपली. मांडवीतली. दिवाडीची.
थेटरात शिट्ट्या झाल्या, मीही एक वाजवली.
बोटीवर मारामारी, आणि ढोल बंद.
नुसतं इंजिन, पाणी, धापा.
एकानं न बघता दोर फेकला
आणि तो दुसऱ्याच्या हातात होता.
कुलूपवाला घसरला
तर टेकायला बाईची पाठ होती.
चार मिनिटं कुणीच नायक नव्हता,
चार मिनिटं मी घड्याळ बघितलं नाही.

असं मी एकदाच पाहिलंय, समोरून नाही, बाजूनं:
भर दरबारात वीज गेली,
राजा स्वगत विसरला,
माझ्या टॉर्चचा सेल त्याच क्षणी संपला.
काळोखात हजार माणसं
आणि एक मूल रडतंय.
तेव्हा पाचव्या सेनापतीनं, कुणी न विचारता,
"आज्ञा, महाराज" म्हटलं
असं काही, की राजाला
आपण राजा असल्याचं आठवलं.

सातवा मेला शेवटाच्या थोडा आधी.
त्याचं नाव पूर्ण सिनेमात कुणी घेतलं नाही,
मला तरी ऐकू आलं नाही.
फेरीवरून त्याची ती उडी, तीही त्याची नव्हे;
ती पाठ आमच्या इनासची,
तिथंच दोर बांधतो रोज.
दोन हजार मिळाले, बूट मात्र फुकट भिजले म्हणतो.
सहाजण आभाळाकडे बघत राहिले,
मोजून दोन सेकंद,
मग लगेच गाडी उडवायची होती.

त्या दोन सेकंदांत कुणाचं तरी वाक्य होतं.
सव्वीस वर्षांची सवय, मला कळतं
कुठं कुणाची जागा रिकामी राहिली ते.
ओठ आपोआप हलले:
"आज्ञा, महाराज."

बेतानंच म्हणालो, विंगेतून म्हणतात तसं.
तरी पुढच्या रांगेतलं एक पोर
पॉपकॉर्नचा पुडा तसाच धरून
वळलं
आणि माझ्याकडे बघत राहिलं.