हयातीचा दाखला

वंशवृक्षाच्या शेवटल्या फांदीवर, पान मुडपलेलं तिथं,
तुझं नाव सापडलं, फिलोनोए.
गणपती पेठेतल्या रद्दीवाल्यानं किलोवर दिलेलं पुस्तक.
त्याला हळदीचा वास होता,
म्हणजे आमच्याच कुठल्या तरी पेढीतून गेलेलं.

बाप टिंडारिअस, स्पार्टाचा राजा. आई लीडा.
एक बहीण हेलन, जिच्यापायी हजार गलबतं निघाली.
एक क्लायटेमनेस्त्रा, तिनं नवऱ्याला न्हाणीघरात गाठलं.
टिमांड्रा नांदता नांदता उठली, दुसऱ्याकडं गेली.
भाऊ जुळे; मेल्यावरही
एक दिवस वर, एक दिवस पाताळात,
मरण वाटून घेतलेले.
आणि तू.
तुझ्यापुढं एकच ओळ:
आर्टेमिस देवीनं हिला अमर केलं.
का, ते नाही.
तू हो म्हणालीस का, तेही नाही.

मी हरिपूरची. अडत दुकानात सौद्याच्या पट्ट्या लिहिते.
एका पट्टीच्या पाठीवर तुझं घराणं उतरवून घेतलं,
आणि पेन्सिल थांबेना,
आमच्याच घराकडं वळली.

सुगंधाक्का, माझी आत्या.
तिच्या थोरल्या बहिणीला बघायला शेडबाळहून गाड्या आल्या,
दारात बैल सोडायला जागा उरली नव्हती.
मधलीचं नाव निघालं की घरात अजून आवाज खाली जातो.
भाऊ दोन. एक तालमीत, एक बैलांत.
सगळ्यांच्या गोष्टी आहेत, सणावाराला निघतात.
सुगंधाक्काची गोष्ट एवढीच
की ती घरी असायची.
अंगाला हळद लागली नाही तिच्या.
बोटं तेवढी जन्मभर पिवळी.

गेल्या माघात वारसनोंदीला चावडीत गेलो.
आदगोंडानं वंशावळ लिहून आणलेली, स्टँपवर, शिक्क्यासकट:
रायगोंडा, त्याचे मुलगे, मुलग्यांचे मुलगे,
आणि खाली कोपऱ्यात, शाई संपत आल्यासारखं,
'मुलगी एक'.
तलाठीबाईंनी पेन थांबवलं.
ही एक कोण? हयात?
आदगोंडा मोबाईलमधून मान न काढता म्हणाला, नाही.
मागच्या खुर्चीतून आवाज आला,
आहे की.

मग हयातीचा दाखला.
मशीन तिचा अंगठा घेईना.
पुसला, ओला केला, पदरात धरून पुन्हा टेकवला.
एक्क्याण्णव वर्षं गड्डे चोळून रेषा गेलेल्या,
आणि मशीनला रेषा हव्यात.
दोन्ही भाऊ गेले, बहिणी गेल्या, भावजयाही.
सगळ्यांना पोचवून ही बाकावर बसलेली,
आपण आहोत हे पटवून देत.

आमच्याकडं हळद पेवात ठेवतात.
जमिनीच्या पोटात, वीस-पंचवीस फूट,
वर मातीचा गिलावा.
वर्षानुवर्षं कीड लागत नाही, रंग उतरत नाही.
पाच सालच्या पुरात पाणी शिरलं तेव्हा कुठं ती नासली.
पण पेव फोडलं की लगेच कुणी उतरत नाही.
आधी दोरीनं कंदील सोडतात.
विझला तर खाली श्वास नाही.
तुला ठेवलं, फिलोनोए, आणि तोंड लिंपलं.
कंदील सोडला का कुणी?

बस्तीत आम्ही अमर कर म्हणून मागत नाही.
स्वर्गातल्या देवांचंही आयुष्य सरतं, हार कोमेजतात,
खाली यावं लागतं.
मागायची ती सुटका.
तुझ्या देवीला हे कुणी सांगितलं नसावं,
किंवा तिला वाटलं असेल, हिच्या वाट्याला काहीच आलं नाही,
निदान एवढं तरी.

रात्री सुगंधाक्काला तुझी गोष्ट सांगितली.
गोष्ट कसली, ओळच ती; भावंडांचीच जास्त झाली.
हेलनचं ऐकून तिनं कूस बदलली.
न्हाणीघराचं ऐकून, बरं केलं, म्हणाली.
तुझ्यापाशी आल्यावर बराच वेळ गप्प.
झोपली असं वाटून मी दिवा मालवायला उठले,
तर अंधारातनंच विचारलं,
मग आता तिला जेवायला कोण वाढतं?

सकाळी पुस्तक पुन्हा चाळलं.
ते नाही त्यात.